नावाआधी सोडलेली जागा

अकोला, १० मार्च २०२५

श्री. शेखर सहदेव होले यांस,
स. न. वि. वि.

मी पौर्णिमा. निंबखेडच्या खुशालराव ताथोडांची मुलगी. तुम्हाला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा नाव सांगताच तुम्ही कापला. चौथ्यांदा करणार नाही, मलाही थोडी लाज आहे. म्हणून पत्र लिहिते. फाडायचं तर खुशाल फाडा, पण वाचून फाडा.

काम असं आहे. येत्या १ जुलैला आपल्या शाळेला साठ वर्षं होतात. हीरक महोत्सव आहे. बाबांचा अर्धपुतळा बसवणार आहेत आणि त्यांचं चरित्र निघणार आहे. माझा धाकटा भाऊ गोपाल आता संस्थेचा अध्यक्ष आहे. तो म्हणाला, "ताई, तू जन्मभर मराठी शिकवलं, हेडमास्तरीण म्हणून रिटायर झालीस. बाबांवर दुसऱ्या कोणी लिहिलं तर लोक काय म्हणतील?" मी हो म्हटलं. दोनशे पानं लिहून झालीत.

दुसऱ्या प्रकरणात शाळेची सुरुवात आहे, आणि तिथे तुमच्या वडिलांचा उल्लेख आल्याशिवाय गत्यंतर नाही. तेव्हा त्यांचा एक फोटो, जन्मतारीख आणि मृत्यूची तारीख कळवावी. त्यांच्याजवळ १९६२ सालचं एक हजेरीबुक होतं असं ऐकून आहे. ते असल्यास पाहायला मिळावं. छापखान्याला १० जूनपर्यंत मजकूर द्यायचा आहे.

रुख्मिणीकाकूंना नमस्कार सांगा. त्या आहेत ना? वय चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी असेल.

कळावे,
पौर्णिमा ताथोड

ता. क. लहानपणी तुम्ही मला ताई म्हणत होता, मी तुम्हाला राखी बांधायची. सहज आठवलं म्हणून लिहिलं.


अकोला, २९ मार्च

शेखर यांस,

कार्ड मिळालं. "कै. कोणी लिहिलं ते सांगा, मग बोलू." एवढंच. ना नमस्कार, ना सही. अक्षर मात्र अगदी सहदेवकाकांचं आहे, काना तसाच जरा वाकडा.

१९९० सालची गोष्ट तुम्ही काढलीत. हो, आठवते. शाळेचा रौप्यमहोत्सव होता. स्मरणिका निघाली होती, तिच्या चौदाव्या पानावर एक ओळ होती: "कै. सहदेव होले, शाळेचे सुरुवातीचे सेवक." आणि सहदेवकाका तर बडनेऱ्यात जुन्या वस्तीत भाजी विकत होते, धडधाकट. तुम्ही चोवीस वर्षांचे होतात. भर मांडवात उभे राहिलात, स्मरणिका हातात उंच धरली आणि ओरडलात, "माहा बाप जित्ता हाये! कोनं मारलं त्याले?" बाबा माईकवर होते. म्हणाले, "छपाईची चूक आहे, बस बाळा." तुम्ही बसला नाहीत, निघून गेलात. पस्तीस वर्षं झाली त्याला.

छपाईचीच चूक होती. खिळे जुळवणारे काय, वरच्या ओळीत "कै." असला की खालच्यातही लावून मोकळे होत. त्या पानावर वरती दोन दिवंगत मंडळी होतीच. झालं असेल तसंच.

आता खरं काम बोलू. १९७४ मध्ये काय झालं ते मला माहीत आहे, मी बारा वर्षांची होते, आंधळी नव्हते. शाळेला सरकारी अनुदान मिळायचं होतं. तपासणीला साहेब येणार होते. सहदेवकाका फक्त सातवी पास. बाबा त्यांना म्हणाले, "सहदेवा, एक दिवस मळ्यात राय. साहेबानं तुले पायलं तं मान्यता अटकते." काका राहिले एक दिवस मळ्यात. दुसऱ्या दिवशी आले तर त्यांच्या खुर्चीवर डी. एड. झालेले नवे हेडमास्तर. बाबांनी त्यांना व्हरांड्यातच थांबवलं. म्हणाले, "तू शाळेची बाग पाह्य. पगार देतो. तुम्हा लोकांच्या हातानं झाडं चांगली लागतात."

मी खांबाशी उभी होते. काकांच्या चेहऱ्याकडे पाहून मला मुतायला लागलं. लहान होते, भीतीनं तसं होत असे. काका आत गेले, कपाटातून ते हजेरीबुक घेतलं, काखेत मारलं आणि चालले. त्याच आठवड्यात तुम्ही तिघं गाव सोडून गेलात. तुम्ही आठ वर्षांचे होतात, बैलगाडीत मागं तोंड करून बसला होतात.

हे मी पुस्तकात लिहिणार आहे. पण पुराव्याशिवाय लिहिलं तर गोपाल ते कापेल. मुळात शाळा १९६५ ची नाहीच. १९६५ साली बाबांनी नुसती नोंदणी केली. शाळा १९६२ ची आहे, तुमच्या कांद्याच्या चाळीत काकांनी अकरा पोरं बसवली तेव्हाची. ते हजेरीबुक सोडलं तर याला जगात दुसरा कागद नाही. ते नसेल तर काका पुस्तकात पुन्हा "सुरुवातीचे सेवक" राहतील, आणि यावेळी दगडावरही. कारण पुतळ्याखाली "संस्थापक" कोरून झालंय. तुम्हाला हे चालणार आहे का?

पौर्णिमा


अकोला, ३० एप्रिल, आखाजी

शेखर,

तुमचं पाकीट महिना लावून आलं आणि आत एक शब्द नाही. नुसती झेरॉक्स. स्मरणिकेचं शेवटचं पान. "संकलन व मुद्रितशोधन: कु. पौर्णिमा ताथोड."

बरं. खिळे जुळवणाऱ्या बिचाऱ्या माणसावर ढकललं ते मागे घेते. प्रूफं मी तपासली होती. वेलांटी सुटली तर मला झोप लागत नसे, तिथे "कै." कसा सुटेल? तुम्हाला ते ठाऊक होतं आणि तरी मला विचारत होता. पोलिसात जायला हवं होतं तुम्ही, कापडाच्या मिलमध्ये कशाला गेलात!

तर ऐका. आज आखाजी आहे, अक्षय्य तृतीया, पितरांचा दिवस, म्हणून लिहिणं सोपं जातंय.

आमच्या घरी आखाजीला तीन घागरी भरत. आजोबांची, पणजोबांची, आजीची. तुमच्याकडेही भरत असतील. गव्हावर मातीची नवी घागर, गळ्याला सूत, वर डांगराचं फळ ठेवायचं, पितराचं नाव घेऊन पाणी सोडायचं, मग चिंचेच्या चिचोनीचा आणि गोड सांजोऱ्यांचा निवद. १९७५ च्या आखाजीला बाबांनी कुंभाराकडून चार घागरी आणल्या. चौथी जरा लहान होती. मी विचारलं, "हे कोनाची?" बाबा म्हणाले, "सहदेवाची." आईनं पदर तोंडाला लावला.

बाबांनी तुमचा शोध घ्यायला माणूस धाडला होता. तो बडनेऱ्याहून सांगत आला की यार्डात शंटिंगच्या डब्याखाली कोणी सहदेव नावाचा माणूस कटला. बाबांनी पुढे चौकशी केली नाही. एक माणूस परत धाडला असता तर खरंखोटं कळलं असतं. नाही धाडला. घागर भरली. दरवर्षी भरली, आणि भरताना त्यांचे डोळे पाण्यानं भरत. ते ढोंग नव्हतं, शेखर. मी शेजारी बसलेली असे. माझा बाप रडत होता.

म्हणजे तुम्ही समजून घ्या. ज्या घरात एखाद्याची घागर दरसाल भरली जाते, त्या घरातल्या पोरीनं त्याच्या नावाआधी "कै." लिहिला तर तिचा काय दोष? आम्हाला शिकवलंच होतं की जित्या माणसाची घागर भरू नये, त्याचं आयुष्य आटतं. बाप असं पाप करेल हे पोरीच्या मनात तरी येईल का?

आज गोपालकडे जेवायला गेले होते. त्याच्याकडे आता पाच घागरी असतात, आई-बाबांची भर पडली. काकांची १९९० नंतर बंद झाली, मांडवातल्या तमाशानंतर. गोपालची बायको गीतांजली मला म्हणाली, "ताई, पुस्तक किती झालं? पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन ठरलंय." मी म्हटलं होतच आलंय.

हजेरीबुक धाडा. मी हात जोडते.

पौर्णिमा


अकोला, १४ मे

शेखर,

चौदा पानं लिहिलीस. मी "तू" लिहिणार आता, तुझं पत्र वाचल्यावर "तुम्ही" लिहिणं म्हणजे निव्वळ सोंग होईल.

मला हे काहीच माहीत नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं. स्मरणिका कार्यक्रमाआधीच आसपासच्या गावांतही घरोघर वाटली. तुझ्या आजोळीही गेली, तुझं आजोळ शेजारच्या गावातलं. तुझ्या मामाला वाचता येत होतं. त्यानं ती ओळ वाचली आणि तुझ्या आजीला सांगितलं, "रुख्मिणीचा मालक गेला, आपल्याले कोनं कळवलंही नाई." घरात रडारड झाली. मामानं डोकं भादरलं. विधवा बहिणीला माहेरचं लुगडं न्यावं लागतं, ते पांढुरकं लुगडं घेऊन तो आणि दोन बाया बडनेऱ्याच्या गल्लीच्या तोंडापासून रडत आले. आणि काका दारातच वांगी तोलत बसलेले. त्यांनी विचारलं, "कोन मेलं बावा?"

मी हे वाचलं आणि आधी हसले. खरं सांगते, हसले. मग उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून बसले.

पण तुझी आजी मात्र मानायला तयार नव्हती. मामा परत जाऊन सांगतो, जावई जित्ता आहे, मी चहा पिऊन आलो त्याच्या हातचा. ती म्हणते, "मले म्हातारीले फसवून राहिले तुमी. छापून आलं हाये ते खोटं कसं?" रुख्मिणीकाकू स्वतः गेल्या, कुंकू लावून, हिरवा चुडा घालून समोर बसल्या. तर ती म्हणाली, माझ्या समाधानासाठी सोंग करून आलीस, पाप लागेल तुला. तिनं अन्न सोडलं. शेवटी काकांनी सोळा वर्षांचा हट्ट मोडला आणि आपल्या भागात पाय ठेवला, सासूला तोंड दाखवायला. त्या दिवशी सकाळीच ती गेली होती. काका तिरडीला खांदा देऊन परत आले.

तीन वर्षांनी काका खरंच गेले. आणि तू मला एकच प्रश्न विचारलास, पत्राच्या अगदी शेवटी, जणू सहज: "१९८१ साली माझ्या बाबांनी तुमच्या घरी एक कार्ड लिहिलं होतं. मी स्वतः पोस्टात टाकलं. ते पोचलं होतं का?"

आपलेच दात, आपलेच ओठ. दोन दिवस मी या प्रश्नाभोवती फिरले. एक पत्र लिहिलं, त्यात "पोचल्याचं आठवत नाही" असं लिहिलं. फाडलं.

पोचलं होतं.

मी एकोणीस वर्षांची होते, कॉलेजच्या सुट्टीत घरी आलेली. बाबांचा चष्मा फुटला होता म्हणून टपाल मीच वाचून दाखवायची. कार्ड मीच वाचलं. पाठ आहे मला ते. "खुशालदादा, आम्ही बडनेऱ्यात सुखरूप आहोत. भाजीचं दुकान आहे. शेखर दहावीत गेला. पहिल्या अकरा पोरांपैकी कोण काय करतो ते सवडीनं कळवावे. वत्सलाचं लग्न झालं का? सहदेव." एवढंच होतं. ना तक्रार, ना मागणी. आपली पोरं काय करतात, एवढंच विचारलं होतं मास्तरांनी.

मी आनंदानं ओरडणार होते, "बाबा, काका जिवंत आहेत!" बाबांनी हात वर केला. म्हणाले, "ठेव तिथं. आईले सांगू नोको." बस्स. पुढच्या आखाजीला चार घागरी आल्या. बाबांनी चौथी भरली. डोळे भरून आले त्यांचे, दरवर्षीसारखे. आणि पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात कोणी दिला? मी दिला. नऊ वर्षं देत राहिले.

मागच्या पत्रात मी लिहिलं की माझा काय दोष, घरात घागर भरत होते. ते सगळं खरं होतं आणि तरी खोटं होतं. १९९० साली "कै." लिहिताना काका जिवंत आहेत हे मला पक्कं माहीत होतं.

बाबांनी सांगितलं नव्हतं. हे मी त्यांना वाचवायला लिहीत नाही, हे आणखी वाईट आहे. त्यांनी स्मरणिकेसाठी नावांची यादी स्वतःच्या हातानं लिहून दिली होती. प्रत्येक नावाआधी "श्री." नाहीतर "कै." होतं. सहदेव होले या नावाआधी त्यांनी जागा सोडली होती. एका बोटाएवढी. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी पेपर उघडला.

"श्री." लिहिलं असतं तर काय झालं असतं ते मला त्या क्षणी दिसलं. हयात माणसाला निमंत्रण द्यावं लागतं. तो आला की मंचावर बसवावं लागतं. मंचावर बसला की तो बोलतो. मेलेल्याला यातलं काहीच लागत नाही. मी "कै." लिहिलं, बाबांनी प्रूफ वाचलं आणि खोडलं नाही. मग संध्याकाळी मला म्हणाले, "पौर्णिमे, तू माह्या पोरापेक्षा हुशार आहेस." आणि मी फुलून गेले. अठ्ठावीस वर्षांची घोडी, आणि बापानं हुशार म्हटलं म्हणून फुलून गेले.

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. आता तुला जे करायचं ते कर.

पौर्णिमा


अकोला, २ जून

शेखर,

तुझी अट मिळाली. "मले माफी नको. आईपुढे येऊन सांगा. तिले अजून वाटते ते छापखान्याचं काम व्हतं. सांगितल्यावर तिनं बुक दिलं तं दिलं, नाई तं नाई."

येते. रविवारी ८ तारखेला सकाळच्या गाडीनं येते. मला भीती वाटते आहे, हे लिहून ठेवते.

इकडचंही सांगते. दुसरं प्रकरण मी नव्यानं लिहिलं, घागर, कार्ड, मोकळी जागा, सगळं घातलं आणि गोपालला दिलं. तो काल आला. त्यानं टेबलावर कागद आपटले.

"ताई, तुले समजते का तू काय करून राहिली? तीस दिवसांवर पुतळा आला!"

"पुतळा राहू दे की. खालचा शब्द बदल."

"बापावर चिखल फेकाले दोनशे पानं लिहिलीस का?"

मी म्हटलं, "गोपाल, एकशे ऐंशी पानं मी बाबांचं कौतुकच केलंय. आणि ते खरं आहे. बाबा उन्हातान्हात सायकलवर अकोल्याला चकरा मारत, गावच्या पोरींना शाळेत बसवायला घरोघर जाऊन बापांशी भांडत. ते काका नसते करू शकले. पण शाळा सुरू काकांनी केली. दोन्ही लिहायला काय हरकत आहे?"

"हरकत हे आहे की लोक फक्त दुसरंच वाचतीन!"

यात तो चूक नाही. लोक तेच वाचतील.

मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुझं नाव येईल त्यात. प्रूफ तू वाचलं व्हतं. आदर्श शिक्षिका म्हणून गावानं सत्कार केला तुझा. तोंड कुठं लपवशील?" मला वाटलं हा धमकी देतोय. पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझीच काळजी वाटत होती त्याला, गाढवाला.

जाताना म्हणाला की पुस्तक रद्द. बाबांवर रंगीत गौरव अंक काढतो, एका प्राध्यापकाला सांगितलंय. १ जुलैला मी नाही आले तर बरं. दार त्यानं हळूच लावलं. तो लहानपणापासून दारं आपटतो, काल नाही आपटलं.

पौर्णिमा


अकोला, ९ जून

शेखर,

तू काल बाहेर ओट्यावर बसून होतास, तासभर. आत आला नाहीस. आईचं आणि माझं काय बोलणं झालं ते तिनं तुला सांगितलं की नाही मला माहीत नाही. तू विचारणार नाहीस. म्हणून लिहिते, तुझा हक्क आहे.

त्या मेथी निवडत होत्या. मी पाया पडायला वाकले तर पाय मागे घेतले. म्हणाल्या, "बस. खुशालरावाची पोरगी न तू? थकलीस." मी समोर खाली बसले आणि सांगितलं. सगळं. कार्डापासून "कै." पर्यंत, मध्ये न थांबता.

त्यांचे हात थांबले नाहीत. काडी मोडायची, पानं इकडे, काडी तिकडे.

"कितव्या वर्षाची व्हतीस तवा?"

"अठ्ठावीस."

"मंग लहान नव्हतीस."

"नव्हते."

"बापानं सांगतलं व्हतं लिवाले?"

"नाही. त्यांनी जागा सोडली होती."

"जागा त्यानं सोडली. भरली कोनं?"

मी म्हटलं, "मी."

त्यांनी मेथीची दुसरी जुडी ओढली. मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "रडू नोको माह्यासमोर. मले तुले उगी नाई करता येत." रागानं नाही म्हणाल्या. जसं आहे तसं सांगितलं.

पुढचं त्या माझ्याकडे न पाहता बोलल्या. "माय खाटेवर व्हती. म्या तिच्या हातावर हात ठेवला. म्हटलं, माय वो, जित्ता हाये तो, म्या आताच त्याले जेवू घालून आली. तं तिनं उशाखालून तो कागद काढला आन् मले दाखोला. तिले वाचता येत नव्हतं. बोट मात्र बरोब्बर त्या ओळीवर ठेवलं. म्हणे, हे पाह्य. माह्यापेक्षा, तिच्या पोटच्या पोरीपेक्षा तिले तो कागद खरा वाटला. मले हे समजतच नव्हतं इतकी वर्सं. मले वाटे, मशीनीनं चूक केली आन् माय मेली. मशीनीवर काय रागवाचं? आता समजलं माणूस व्हतं मांगं."

मी म्हटलं, "काकू, मला माफ करा म्हणायला मी आले नाही. शेखरनं ये म्हटलं म्हणून आले."

"बरं केलं. माफी राहू दे. माह्या मायनं तुह्या हातचं छापलेलं खरं मानलं. आता तुह्याच हातचं छाप. मास्तरचं नाव घाल, आन् त्याच्या बाजूले तुह्यं घाल. तू काय केलं ते. बापाच्या मांगं लपू नोको. माह्या मालकानं ते बुक जपलं, कोनाले दाखवलं नाई. म्हणे, शाळेतूनच कोनी घ्याले येईन. इतक्या दिवसानं तू आली. तूच येणार व्हतीस त्याले काय मालूम?"

उठल्या, पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलं हजेरीबुक काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. मला पाणी विचारलं नाही. वऱ्हाडात दारी आलेल्या वैऱ्यालाही पाणी विचारतात. मीही मागितलं नाही. बाहेर आले तर तू उठून उभा राहिलास आणि माझ्यासाठी ऑटो थांबवलास. ऑटोवाल्याला म्हणालास, "ताईले स्टेशनवर सोड." तोंडून निघून गेलं असेल, मी त्याचा काही अर्थ काढत नाही.

गाडीत हजेरीबुक उघडलं. १९६२, जून. अकरा नावं. कार्डातल्या वत्सलाचं नाव चौथं आहे. रकान्यांत काकांच्या हातच्या हजर-गैरहजरच्या खुणा, आणि पानाच्या कडेला पेन्सिलीनं बारीक बारीक: "ताप." "बहिणीला सांभाळतो." "वांगी तोडायला गेली, उद्या नक्की." तेहतीस वर्षं मी हजेरी घेतली. गैरहजर पोर कुठे गेलं ते एकदाही लिहून ठेवलं नाही. अकोला येईपर्यंत मी ते एकच पान वाचत होते.

आज सकाळी छापखान्यात जाऊन आले. पुस्तक मीच काढते आहे. साधंच आहे, पण पुस्तक आहे. आधीची एकशे ऐंशी पानं आहेत त्यात, बाबांची, एक ओळही कमी केली नाही. ते माझे बाबा होते. आता फक्त ती पानं काकांच्या प्रकरणानंतर येतात. गोपालला पहिली प्रत मी स्वतः नेऊन देणार आहे. घेईल असं वाटत नाही.

पहिल्या पानावरचा पहिला परिच्छेद खाली उतरवून पाठवते.

"निंबखेडची शाळा १९६२ साली सहदेव होले यांनी कांद्याच्या चाळीत अकरा मुलांना घेऊन सुरू केली. मी, पौर्णिमा खुशालराव ताथोड, हिने १९९० साली शाळेच्या स्मरणिकेत त्यांच्या नावाआधी कै. लिहिले. ते जिवंत आहेत हे मला तेव्हा माहीत होते. ते छापलेले खरे मानून त्यांच्या सासूबाईंनी अन्न सोडले आणि त्या वारल्या. मला हे कोणी करायला सांगितले नव्हते. आता शाळेच्या दोन वडिलांची हकीकत लिहिते."

गुरुवारी प्रूफं येतील. एक प्रत तुझ्याकडे धाडते. कुठे मी स्वतःला सांभाळून घेतलेलं दिसलं तर खोड, विचारू नकोस.

आणि हा परिच्छेद आईंना वाचून दाखव. त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं असं काल वाटलं. उजव्या बाजूला बस आणि मोठ्यानं वाच.

पौर्णिमा